एचडी अ‍ॅनालॉग, आयपी की वायफाय? जुनी केबल, नवे कॅमेरे आणि पुढची १० वर्षं

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: इमारतीत १४ वर्षांपूर्वी टाकलेली कोअ‍ॅक्स केबल (केबल टीव्हीसारखी गोल, मध्ये एकच तार असलेली) आहे, तिच्यावर ३२ जुने अ‍ॅनालॉग कॅमेरे आहेत आणि फुटेज धूसर येतं. एक पुरवठादार सांगतो, केबल तीच ठेवा, फक्त ५ मेगापिक्सेलचे एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरे लावा. दुसरा सांगतो, सगळं काढून आयपी करा, म्हणजे संगणकाच्या नेटवर्क केबलवर चालणारे कॅमेरे लावा. तिसरा म्हणतो, केबलच नको, वायफाय कॅमेरे आणि क्लाउड घ्या. यातलं कोणतं तंत्रज्ञान १० वर्षांनी उभं असेल, आणि आज पैसे कशात घालावेत?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. आयपी उभं असेल. एचडी अ‍ॅनालॉग इतक्यात संपणार नाही, पण ते आता फारसं पुढेही जाणार नाही. वायफाय घर आणि लहान जागांपुरतं राहील. मात्र या उत्तरावरून तुम्ही लगेच खरेदी केलीत तर चुकण्याची शक्यता मोठी आहे. गेली २२ वर्षं मी हे कॅमेरे बसवतो आहे, आणि फुटेज वाया गेलेलं पाहिलं त्यातल्या बहुतेक वेळा दोष अ‍ॅनालॉगचा किंवा आयपीचा नव्हता. रात्रीचा प्रकाश, लेन्सची निवड, वीजपुरवठा आणि रेकॉर्डरची सेटिंग यांतच घोळ होता. म्हणून आधी प्रत्येक तंत्रज्ञान आतून कसं आहे ते सांगतो, मग रात्रीकडे येतो आणि भविष्याचं शेवटी बोलतो.

तुमचं आजचं चित्र धूसर का आहे? जुना अ‍ॅनालॉग सिग्नल मुळात दूरचित्रवाणीचा. पाल पद्धतीत ६२५ रेषा, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. पाल पद्धत विकसित करणारे जर्मन अभियंता वॉल्टर ब्रुख यांनीच १९४२ मध्ये पीनेम्युंडे इथे व्ही-२ रॉकेटचं उड्डाण दुरून पाहण्यासाठी बंदिस्त दूरचित्रवाणीची यंत्रणा उभारली होती. सीसीटीव्ही आणि पाल यांचं नातं इतकं जुनं आहे. पुढे ६०० टीव्हीएल, ७०० टीव्हीएल, ९६०एच अशी नावं आली, पण उभ्या दिशेने ५७६ रेषांची चौकट कुणालाच ओलांडता आली नाही. शिवाय प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत यायची, त्यामुळे हलणाऱ्या माणसाच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसायच्या.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. त्या काळातले बरेच डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारे रेकॉर्डर) स्क्रीनवर पूर्ण आकाराचं चित्र दाखवायचे आणि डिस्कवर मात्र सीआयएफ, म्हणजे ३५२ × २८८ पिक्सेलमध्ये साठवायचे. सगळे चॅनल पूर्ण आकारात साठवण्याइतकी ताकद त्यांच्यात नसायची. रोज स्क्रीन बघणाऱ्याला वाटायचं सगळं ठीक आहे. चोरी झाल्यावर प्लेबॅक लावला की चेहऱ्याच्या जागी चार ठोकळे. तुमच्याकडेही हेच असू शकेल. आज संध्याकाळी एका कॅमेऱ्याचं थेट चित्र आणि त्याच क्षणाचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून बघा.

या चौकटीतून सुटण्याचा एक प्रयत्न एचडी-एसडीआय होता. प्रसारण क्षेत्रातून आलेलं हे डिजिटल तंत्र कोअ‍ॅक्सवरून न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) एचडी चित्र सेकंदाला १.४८५ गिगाबिट वेगाने पाठवतं. चित्र सुंदर, पण साधारण १०० मीटरच्या पुढे कठीण, आणि बीएनसी जोड (केबलच्या टोकाचा कनेक्टर) जरा ढिला असला की चित्र हळूहळू बिघडत नाही, एकदम जातं. सुरक्षेच्या कामात ते मागे पडलं आणि आज त्याचा विचार करायची गरज नाही.

त्याला मागे टाकलं ते एचडी अ‍ॅनालॉगने. २०१२ मध्ये डाहुआ कंपनीने एचडी-सीव्हीआय आणलं, मग टेकपॉइंटचं एचडी-टीव्हीआय आणि नेक्स्टचिपचं एएचडी आलं. तिघांची कल्पना जवळपास एकच: सिग्नल अ‍ॅनालॉगच ठेवायचा, पण दूरचित्रवाणीच्या जुन्या मोजमापांचं बंधन सोडून द्यायचं. उजेड-अंधाराची माहिती एका पट्ट्यात आणि रंगाची माहिती त्याच्या वरच्या, जास्त फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात पाठवायची. जुनी आरजी-५९ केबल चालते, थ्री-प्लस-वन केबलही (एक कोअ‍ॅक्स आणि विजेच्या तीन तारा एकत्र) चालते, बलून नावाचा छोटा जोड लावून नेटवर्क केबलच्या एका जोडीवरही काम होतं. ७२०पीच्या चित्रासाठी चांगल्या कोअ‍ॅक्सवर ५०० मीटरपर्यंत अंतर कापल्याचा दावा निर्माते करतात. सुरुवातीला तिन्ही एकमेकांशी जुळत नसत. आता एकच रेकॉर्डर तिन्ही प्रकार, जुनं अ‍ॅनालॉग आणि काही आयपी कॅमेरे घेतो. अशा रेकॉर्डरला बाजारात एक्सव्हीआर म्हणतात.

मी या तंत्रज्ञानाला कमी लेखत नाही. त्यात चित्राला विलंब जवळपास नसतो. आयपीमध्ये कॅमेऱ्यासमोर हात हलवला तर स्क्रीनवर तो दिसायला पाव ते अर्धा सेकंद सहज लागतो. क्रेन चालवणाऱ्याला किंवा फिरता कॅमेरा जॉयस्टिकने हाताळणाऱ्याला हा फरक फार जाणवतो. एचडी अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याला आयपी पत्ता नसतो, पासवर्ड नसतो, म्हणून नेटवर्कवरून थेट त्या कॅमेऱ्यात कुणी शिरू शकत नाही. रेकॉर्डरमध्ये मात्र शिरू शकतं, हे विसरू नका. देखभाल करणाऱ्याला नेटवर्किंग येत नसेल तर ही साधी व्यवस्था वर्षानुवर्षं चालते.

त्याच्या अडचणी केबलमधून येतात. लांब केबलवर जास्त फ्रीक्वेन्सी आधी दबते, आणि रंग त्याच पट्ट्यात असल्यामुळे आधी रंग फिके पडतात, कधी चित्र पूर्ण कृष्णधवल होतं. दिवसासुद्धा रंग उडालेला दिसला तर कॅमेरा बदलण्याआधी केबल आणि जोड तपासा. केबल मध्येच तोडून पिळ देऊन जोडलेली असेल तर तिथे केबलचा ठरलेला ७५ ओहमचा विद्युत-मेळ बिघडतो आणि वस्तूच्या शेजारी तिची फिकट सावली दिसते. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर चित्रात आडवे पट्टे सरकतात. जुन्या ५७६ रेषांच्या कॅमेऱ्याने हे दोष झाकून घेतले होते. ५ मेगापिक्सेलचा सिग्नल ते उघडे पाडतो. आणखी एक गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात असते: पिक्सेल वाढले की फ्रेम कमी होतात. ८ मेगापिक्सेलला अनेक एचडी अ‍ॅनालॉग संच सेकंदाला १२.५ किंवा १५ फ्रेमवर थांबतात.

आता आयपी. १९९६ मध्ये अ‍ॅक्सिस कंपनीने नेटआय २०० नावाचा पहिला नेटवर्क कॅमेरा विकायला आणला. त्याचा वेग इतका कमी होता की पाळतीसाठी तो कुणी गंभीरपणे घेतला नसता. पण त्यातली कल्पना टिकली: चित्राचं डिजिटल रूपांतर आणि दाबणी कॅमेऱ्यातच करायची आणि पुढे साध्या संगणक-जाळ्यावरून ते न्यायचं. २००३ मध्ये ८०२.३एएफ हे पीओईचं मानक आलं आणि एकाच केबलमधून डेटा व १५.४ वॉटपर्यंत वीज जाऊ लागली. २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी ऑनव्हिफ हे सामाईक मानक सुरू केलं, त्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर चालवणं शक्य झालं. ‘शक्य’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. ऑनव्हिफवर चित्र येतं, हालचालीची सूचना बहुतेक वेळा येते, पण कॅमेऱ्याच्या खास सुविधा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर अनेकदा अर्धवट पोचतात. ज्या सुविधेसाठी कॅमेरा घेताय, ती तुमच्या रेकॉर्डरवर चालताना डोळ्यांनी बघा. ‘ऑनव्हिफ आहे’ एवढ्यावर थांबू नका.

आयपीची तांत्रिक मर्यादा म्हणजे केबलची १०० मीटर लांबी. त्यापुढे मध्ये नेटवर्क स्विच (अनेक केबल जोडणारी पेटी) हवा किंवा फायबर. दुसरी अडचण स्विचच्या वीज-बजेटची. २४ पोर्ट आहेत म्हणजे २४ कॅमेरे चालतील असं नाही. स्विचचं एकूण पीओई बजेट १९० वॉट असेल तर प्रत्येक पोर्टच्या वाट्याला ८ वॉटही येत नाहीत, आणि रात्री अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे पेटल्यावर कॅमेरा ९-१० वॉट मागू शकतो. मग मध्यरात्री काही कॅमेरे एकेक करून बंद पडतात आणि सकाळी सगळं आपोआप ठीक असतं. तिसरी अडचण केबलची: तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल दिसायला तशीच असते, पण तिचा रोध जास्त, आणि पीओई लांब अंतरावर तिच्यात अडखळतं. केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. कॅमेरा ५-७ वर्षांनी बदलाल, केबल २० वर्षं भिंतीत राहील.

वीजपुरवठ्याचा हाच खेळ तुमच्या सध्याच्या १२ व्होल्टच्या व्यवस्थेतही आहे, आणि तो मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आकडे मांडूनच दाखवतो. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार १०० मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन २०० मीटर होते आणि तिचा रोध जवळपास ७ ओहम भरतो. दिवसा कॅमेरा ०.१५ अँपिअर घेतो, म्हणजे साधारण १ व्होल्ट वाटेत पडतो आणि कॅमेऱ्याला ११ मिळतात. रात्री इन्फ्रारेड लागल्यावर तोच कॅमेरा ०.४५ अँपिअर घेतो, वाटेत ३ व्होल्टहून जास्त पडतात आणि कॅमेऱ्याला ९ सुद्धा मिळत नाहीत. तो बंद पडतो, बंद पडल्यावर इन्फ्रारेडही विझतं, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा परत सुरू होतो, परत पडतो. एका गोदामात असा एक कॅमेरा दोन वर्षांत तीनदा बदलला गेला होता. तिथे मी मल्टीमीटर घेऊन रात्री ९ वाजता शिडीवर चढलो तेव्हा उलगडा झाला. एसएमपीएस, म्हणजे १२ व्होल्टचा वीजपुरवठा करणारा डबा, जवळ आणला आणि तोच कॅमेरा नीट चालला.

वायफाय आणि क्लाउडबद्दल माझं मत कडक आहे. ३२ कॅमेऱ्यांच्या इमारतीत मुख्य यंत्रणा म्हणून ते घेऊ नका. प्रत्येक कॅमेऱ्याचे फक्त २ एमबीपीएस धरले तरी क्लाउडवर अखंड रेकॉर्डिंगसाठी ६४ एमबीपीएस अपलोड रात्रंदिवस लागेल. वायफायच्या लहरी कुणीही जॅम करू शकतं, आणि चोराला ते ठाऊक असू शकतं. बॅटरीवरचे कॅमेरे झोपलेले असतात आणि उष्णता-संवेदकाने जाग आल्यावरच चित्र घेतात. माणूस फ्रेममध्ये शिरला ते पहिले क्षण त्यात निसटतात, आणि नेमका त्याचा चेहरा तेव्हाच समोर असतो. भाड्याची खोली, तात्पुरतं बांधकाम, वीज नसलेलं शेत अशा ठिकाणी सौर पॅनेल आणि सिमकार्डवाला कॅमेरा उत्तम काम करतो. तिथे त्याला पर्याय नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, तो मुद्दा. एकाच दर्जाचा एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरा आणि आयपी कॅमेरा उघडून बघा: लेन्स तीच, सेन्सर अनेकदा त्याच कुटुंबातला. फरक आहे तो सेन्सरच्या मागे, चित्र बाहेर कसं पाठवायचं यात. त्यामुळे अंधारात कॅमेऱ्याला किती दिसेल, हे केबलचा प्रकार ठरवत नाही.

ते ठरवतो सेन्सरवर पडणारा प्रकाश. १/२.८ इंचाच्या सेन्सरवर २ मेगापिक्सेल बसवले तर एका पिक्सेलची बाजू साधारण २.९ मायक्रॉन असते. त्याच आकाराच्या सेन्सरवर ८ मेगापिक्सेल बसवले तर ती १.४५ मायक्रॉन होते. बाजू निम्मी, म्हणजे क्षेत्रफळ चौथा हिस्सा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला प्रकाशही चौथा हिस्सा. दिवसा ८ मेगापिक्सेलचं चित्र बघून लोक हरखून जातात. रात्री तोच कॅमेरा दाणेदार चित्र देतो. मग कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर ते दाणे पुसायला आधीच्या फ्रेम मिसळतं, आणि चालणाऱ्या माणसामागे त्याचंच भूत सरकताना दिसतं. ८ मेगापिक्सेल हवाच असेल तर १/१.८ इंचाचा सेन्सर मागा. लेन्सचा एफ आकडाही विचारा: एफ १.० ची लेन्स एफ २.० च्या चौपट प्रकाश आत घेते. रात्रीही रंगीत चित्र देणारे जे कॅमेरे आहेत, ते मोठी लेन्स, मोठा सेन्सर आणि बहुतेकदा एक पांढरा दिवा यांच्या जोरावर ते करतात.

शटरकडे कुणी बघतच नाही. अंधारात कॅमेरा शटर १/२५ सेकंद उघडं ठेवतो. सेकंदाला १.४ मीटर चालणारा माणूस तेवढ्यात साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे डोळे-नाक एकमेकांत मिसळले. ताशी ३६ किलोमीटर वेगाची मोटारसायकल ४० सेंटिमीटर सरकते. तिची नंबर प्लेट वाचण्याची आशा सोडा. प्लेटसाठी १/५०० किंवा त्याहून जलद शटर लागतं, आणि त्याला पुरेल इतका वेगळा प्रकाश. म्हणून फाटकावर नंबर प्लेटसाठी स्वतंत्र कॅमेरा लावावा लागतो. एकाच कॅमेऱ्याने आवारही दिसेल आणि प्लेटही वाचेल, असं जो सांगेल त्याला रात्रीचं रेकॉर्डिंग दाखवायला सांगा.

इन्फ्रारेडमध्ये ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात. ९४० नॅनोमीटरचे डोळ्यांना दिसत नाहीत, पण सेन्सरला त्या लांबीचा प्रकाश बराच कमी जाणवतो, म्हणून पल्ला घटतो. घुमटाकार कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली की इन्फ्रारेड आतच परावर्तित होतं आणि सगळं चित्र पांढुरकं दिसतं. ते महिन्यातून एकदा फडक्याने पुसलं तरी बराच फरक पडतो.

पिक्सेल किती लागतात याचंही मोजमाप आहे. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकात अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी दर मीटरला २५० पिक्सेल आणि ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ पिक्सेल असा हिशेब रूढ झाला. १९२० पिक्सेल रुंद चित्र २५० ने भागा: ७.६८ मीटर रुंदीपर्यंतच चेहरा पटतो. २५९२ पिक्सेल रुंदीच्या ५ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात ती रुंदी १० मीटरच्या आसपास, आणि ३८४० पिक्सेलवाल्यात १५ मीटरच्या. तुमचं आजचं रेकॉर्डिंग सीआयएफमध्ये असेल तर ती फक्त १.४ मीटर आहे, म्हणजे एका दारापुरती. आणि हे सगळं चांगल्या उजेडात, चेहरा कॅमेऱ्याकडे असताना. कॅमेरा ५ मीटर उंचीवर टांगला तर पिक्सेल कितीही असोत, टोपीच दिसणार. दारावरचा कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर, लांब फोकसची लेन्स घालून, फक्त दाराच्या रुंदीवर रोखा. ३२ पैकी असे ५-६ कॅमेरे नीट बसले तर बाकीचे नुसते ‘काय घडलं’ दाखवले तरी पुरतं.

दाबणीचं थोडक्यात. २००३ चं एच.२६४ आणि २०१३ चं एच.२६५, दोन्ही आज चालू आहेत. दुसऱ्यात तेवढ्याच दर्जाला डेटा निम्म्याच्या आसपास येऊ शकतो. ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी भरतो, म्हणजे ३२ कॅमेऱ्यांचे ३० दिवस ४१ टीबीच्या पुढे जातात. २ एमबीपीएसवर ते २१ टीबीच्या आत बसतं. पण डिस्क वाचवायला बिटरेट (सेकंदाला साठवला जाणारा डेटा) फार खाली ओढू नका. रात्रीच्या दाणेदार चित्राला जास्त बिट लागतात, आणि ते मिळाले नाहीत की पहिला बळी चेहऱ्याच्या बारकाव्यांचा जातो. थर्मल कॅमेरा तुम्ही विचारला नव्हता, तरी एक ओळ: तो ८ ते १४ मायक्रॉनची उष्णता बघतो, पूर्ण अंधारात आणि हलक्या धुक्यात लांबचा माणूस हेरतो, पण तो कोण आहे हे सांगू शकत नाही, आणि काचेतून त्याला पलीकडचं काहीच दिसत नाही. लांबलचक कुंपणासाठी तो सर्वोत्तम आहे.

मग आयपीच उभं राहील असं मी का म्हणतो? तंत्रज्ञान संपतं ते बहुतेकदा त्याचा सुटा भाग बनवणारा थांबला की. सीसीडी हा जुन्या कॅमेऱ्यांतला सेन्सर १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मला, त्याच्या शोधासाठी बॉइल आणि स्मिथ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं, आणि २०१५ मध्ये सोनीने सीसीडीचं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. त्या क्षणी सीसीडी कॅमेऱ्यांचं भवितव्य ठरलं, ते कितीही चांगले असोत. एचडी अ‍ॅनालॉगला कॅमेऱ्यात सिग्नल पाठवणारी आणि रेकॉर्डरमध्ये तो वाचणारी खास चिप लागते, आणि या चिप बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. आयपी ज्या इथरनेटवर उभं आहे ते सगळ्या जगाच्या संगणकांचं आहे. ते थांबण्याचा प्रश्नच नाही.

दुसरं कारण चित्रातून अर्थ काढण्याचं. पूर्वीची हालचाल-सूचना पिक्सेल बदलले की वाजायची: पान हललं, पाऊस आला, कोळ्याने लेन्ससमोर जाळं विणलं, सगळ्याला तीच घंटा. आता कॅमेऱ्यातली प्रशिक्षित न्यूरल नेटवर्क माणूस, वाहन आणि जनावर यांत फरक करतात. आयपीत प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा प्रोसेसर असतो आणि तो न दाबलेल्या, ताज्या चित्रावर काम करतो. एचडी अ‍ॅनालॉगमध्ये हे काम रेकॉर्डर करतो: केबलने आधीच बिघडवलेल्या सिग्नलवर, आणि एकच ताकद १६ किंवा ३२ चॅनलांत वाटून. शिवाय ‘लाल शर्टवाला माणूस दुपारी कधी आला’ असा शोध चित्रासोबत पाठवलेल्या माहितीवर चालतो, आणि ऑनव्हिफचं प्रोफाइल एम नेमकं त्यासाठी आहे. ही दरी वाढतच जाणार. चेहरा-ओळखीच्या दाव्यांपासून मात्र सावध राहा. तिचा निकाल चुकीचा निघाला तर एखाद्या निरपराध माणसाला दारावर अडवलं जातं, आणि त्याचे परिणाम त्याला भोगावे लागतात. निवासी इमारतीत मी ती बसवत नाही.

आयपीचा धोकाही त्याच गुणातून येतो: प्रत्येक कॅमेरा हा संगणक आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले सुमारे ६० तयार पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्याच फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला तेव्हा अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. त्या उपकरणांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. त्यानंतर कायदे बदलू लागले. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून अशा ग्राहक-उपकरणांवर सरसकट एकच तयार पासवर्ड ठेवायला बंदी केली. युरोपीय संघाच्या नव्या सायबर कायद्यातली मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतील आणि त्यात सुरक्षा-अपडेट साधारणपणे किमान ५ वर्षं देणं अपेक्षित आहे. पुढच्या १० वर्षांत कॅमेऱ्याचं आयुष्य काच-प्लास्टिकवर कमी आणि अपडेट कधी थांबतात यावर जास्त अवलंबून राहील. पुरवठादाराला मेगापिक्सेलच्या आधी हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आणखी एक बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. बनावट व्हिडिओ तयार करणं सोपं झाल्यामुळे ‘हे फुटेज खरं कशावरून’ हा प्रश्न न्यायालयात वाढत जाणार. काही आयपी कॅमेरे चित्र निघतानाच त्यावर डिजिटल स्वाक्षरी करतात, म्हणजे नंतर एक फ्रेम बदलली तरी कळतं. अ‍ॅनालॉग सिग्नलवर कॅमेऱ्यातून अशी स्वाक्षरी करता येत नाही. ती फार तर रेकॉर्डरमध्ये होईल. आणि स्वाक्षरीच्या आधी घड्याळ. एका प्रकरणात दोन रेकॉर्डरच्या वेळेत ११ मिनिटांचा फरक होता आणि एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी दिसत होता. सगळं फुटेज वादात सापडलं. सगळी उपकरणं एकाच एनटीपी वेळेला (नेटवर्कवरून मिळणाऱ्या अचूक वेळेला) जोडा.

बाकी येऊ घातलेल्या गोष्टींपैकी दोनच सांगतो. १०बेस-टी१एल हे २०१९ मध्ये मंजूर झालेलं इथरनेट एकाच तारजोडीवर १,००० मीटरपर्यंत १० एमबीपीएस नेतं. एका कॅमेऱ्याला तेवढं पुरतं, म्हणजे लांब अंतर हे एचडी अ‍ॅनालॉगचं हक्काचं मैदानही हळूहळू जाणार. दुसरं, एकेक फोटॉन मोजणारे स्पॅड सेन्सर: कॅननने २०२३ मध्ये ३.२ मेगापिक्सेलचा असा एमएस-५०० कॅमेरा आणला. आज तो किनारे आणि बंदरांवर नजर ठेवण्याच्या कामाचा आहे, पण काळोखातल्या चित्राची दिशा मला तिथे दिसते.

तुमच्या जागी मी असं करेन. सगळी केबल काढणार नाही. फाटक, लिफ्टचा दरवाजा, जिना, पार्किंगचं तोंड, रोख हाताळणीची जागा अशा ७ ठिकाणी नवी शुद्ध तांब्याची कॅट-६ नेटवर्क केबल टाकून चांगल्या सेन्सरचे आयपी कॅमेरे लावेन. उरलेल्या २५ जागांवर जुन्या कोअ‍ॅक्सवरच २ मेगापिक्सेलचे एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरे, बीएनसी जोड नव्याने क्रिम्प करून, एसएमपीएस कॅमेऱ्यांजवळ आणून. रेकॉर्डर असा घेईन की जो दोन्ही घेतो आणि ज्यात आयपी चॅनल पुढे वाढवता येतात. तेव्हा केबल जिथे खराब होईल तिथे पुन्हा कोअ‍ॅक्स न टाकता कॅट-६ टाकायची, म्हणजे ५-७ वर्षांत इमारत आपोआप आयपीवर जाते. कॅमेऱ्यांचं जाळं कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, राउटरवर पोर्ट उघडून बाहेरून बघण्याची सोय करू नका, त्यासाठी व्हीपीएन (इंटरनेटवरचा सुरक्षित खाजगी मार्ग) वापरा. कुणा एकावर दर महिन्याला एक जुनं फुटेज उघडून बघण्याची जबाबदारी टाका.

आणि काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. तुमच्या सर्वांत लांबच्या कोअ‍ॅक्सवर ५ मेगापिक्सेलचा एक नमुना कॅमेरा रात्रभर लावून ठेवायला पुरवठादाराला सांगा. सकाळी रेकॉर्डिंग बघा: रंग उतरलेला आहे का, सावली किंवा पट्टे आहेत का, मध्यरात्री कॅमेरा पडून परत आला का, ८ मीटरवरून चालत आलेल्या रखवालदाराचा चेहरा पटतो का. ती केबल किती मीटर आहे, मध्ये किती जोड आहेत आणि रात्री कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टीमीटर किती व्होल्ट दाखवतो, एवढं कळवलंत तर उरलेल्या २५ जागांपैकी कुठे जुनी केबल चालेल ते मी नक्की सांगू शकेन.